न कापणारं पोलाद

जुने घडीचे चाकू जमवणारी दोन माणसं भेटली की धारेला सहसा कुणी हात लावत नाही. मिटलेला चाकू आधी खिडकीकडे धरला जातो. एक डोळा बारीक करून मुठीच्या पाठीवरून नजर फिरवायची आणि पाहायचं, की पाठीची पोलादी कमान आणि तिच्या दोन्ही अंगांच्या पितळी पट्ट्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसते का. दिसली नाही, की पाहणाऱ्याची मान पसंतीने हलते. मग खाचेत नख घालून पातं अर्धं उघडायचं, काटकोनात थांबवायचं आणि कमानीवरून बोटाचं पेर फिरवायचं. पूर्ण उघडून पुन्हा पेर फिरवायचं. शेवटी चाकू कानाजवळ नेऊन मिटायचा आणि त्याचा 'टक्' ऐकायचा. एवढं सगळं होईपर्यंत कागदाचा कपटासुद्धा कापलेला नसतो. धार काय, चांगल्या दगडावर घटकाभरात लावता येते. कमान चुकलेली असेल तर मात्र त्या चाकूला औषध नाही.

माझे एक स्नेही पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. निवृत्तीनंतर आम्हा दोघांनाही हा नाद लागला. ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "अहो, पातं सगळेच बघतात. कारागीर बघायचा असेल तर चाकू पालथा करा." या छंदाबद्दल पुढे बरंच वाचलं, पण याहून नेमकं कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात आलं नाही. चाकूतलं जे पोलाद काहीच कापत नाही, त्याच्यावर चाकू उभा असतो.

रचना तशी साधी. दोन पितळी पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातं, पाठीला कमान, बाहेरून मुठीचे दोन फाळ आणि या सगळ्यांतून आरपार गेलेले दोन-चार खिळे. कमान एका टोकाशी आणि मध्यावर खिळ्यांनी बांधलेली असते. दुसरं टोक मोकळं. हे मोकळं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसतं. बूड कानशीने चौकोनी घासलेलं असतं, म्हणून पातं फिरवलं की बुडाचा कोपरा कमानीला उचलतो आणि कोपरा सरताच कमान सपाट बाजूवर आपटते. आपण ऐकतो तो आवाज तिचा. उघडलेल्या पात्याला कुलूप नाही, कडी नाही, खटका नाही. ते कमानीच्या दाबावर उभं राहतं, आणि पाठीवर जोर दिला तर मिटतं. त्यामुळे हा चाकू वापरणाऱ्याला पोलादाची आणि आपल्या बोटांची खबर ठेवावी लागते. टोचायला, उचकटायला तो नाहीच. ओढून कापायला आहे. ब्रिटनच्या कायद्यालाही हा फरक कळतो. तीन इंचांपर्यंतचं, कुलूप नसलेलं घडीचं पातं तिथे सार्वजनिक जागी कारण न सांगता खिशात बाळगता येतं. तेच पातं उघडल्यावर अडकून बसणारं असेल तर बाळगायला सबळ कारण लागतं. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की हिंदी सिनेमातला रामपुरी डोळ्यांसमोर येतो. तो अडकून बसतो, आणि त्याची जात वेगळी. मी सांगतोय तो पेन्सिलीला टोक करणारा, सफरचंद सोलणारा, सुतळी तोडणारा चाकू.

उत्तम कामाची खूण अशी, की मिटलेला, अर्धा उघडा आणि पूर्ण उघडा या तिन्ही स्थितींत कमान पितळी पट्ट्यांशी एका पातळीत राहते. पेर फिरवलं तर पायरी लागत नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी खिळ्याच्या मध्यापासून बुडाच्या तिन्ही बाजू समान अंतरावर हव्यात, आणि हे अंतर एखाद्या केसाइतकं चुकलं तरी पेराला समजतं. कारागीर सगळे भाग आधी सैल खिळ्यांवर जुळवून पाहतो, उघडझाप करतो, पुन्हा सुटे करतो, बुडावरून कानशीचा एखादा हात मारतो, पुन्हा जुळवतो. कमी घासलं तर आणखी घासता येतं. जास्त घासलं तर ते पातं गेलं. एकदा खिळ्याचं डोकं ठोकून बसवलं की चाकू धडपणे उघडता येत नाही. माझे स्नेही आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेले. ते म्हणतात, "इथे मापाने भागत नाही. बसवून बघायचं, काढायचं, परत बसवायचं. हाताला पटलं की झालं."

या कामाचं माहेर म्हणजे इंग्लंडमधलं शेफील्ड. डॉन, शीफ, रिव्हलिन, लॉक्सली आणि पोर्टर या पाच नद्या, त्यांच्या उतारांवर पाणचक्क्या, पाणचक्क्यांवर धारेचे दगड. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथेतल्या गिरणीवाल्याच्या अंगावर शेफील्डचा चाकू दिला आहे, म्हणजे तेव्हाही गावाचं नाव ऐकणाऱ्याला ओळखीचं असणार. १६२४ साली तिथल्या चाकू-सुरी कारागिरांचा संघ कायद्याने उभा राहिला. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १७४०च्या दशकातली गोष्ट. बेंजामिन हंट्समन नावाचा डॉनकास्टरचा घड्याळजी होता. त्या काळी लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून आठवडाभर तापवून पोलाद करत. कार्बन बाहेरून आत मुरायचा, त्यामुळे पोलाद कुठे कडक, कुठे मऊ. तलवारीला ते चालून जाई. घड्याळाच्या कमानीला चालेना, कारण ज्या जागी पोलाद नासकं, नेमकी तिथेच ती तुटायची. हंट्समनने ते पोलाद मातीच्या मुशीत घालून पूर्ण वितळवलं आणि ओतलं. आतून-बाहेरून एकजीव झालं. शेफील्डच्या कारागिरांनी सुरुवातीला त्याला दारात उभं केलं नाही, कारण हे पोलाद त्यांच्या सवयीपेक्षा कडक होतं. मग त्याने ते फ्रान्सला विकलं. फ्रेंच चाकू सरस ठरायला लागले तेव्हा गाव जागं झालं. शेफील्डचं पुढचं दीडशे वर्षांचं वैभव ज्या पोलादावर उभं राहिलं, ते एका घड्याळजीला चांगली कमान हवी होती म्हणून जन्माला आलं.

मुशीतलं पोलाद आपल्या दख्खनेत त्याआधी कित्येक शतकं होत होतं, हे इथे सांगायलाच हवं. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे या भारतीय पोलादाचे, म्हणजे वुट्झचे, नमुने पाठवले. दुसऱ्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. अभ्यासाचा एक भाग म्हणून बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाचं काय केलं असेल? लेखणी तासायचा छोटा चाकू. अंधारात जेमतेम लाल दिसेल इतक्याच आचेवर त्याने ते घडवलं, आणि धार उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. या पोलादाने स्टोडार्टला असं धरून ठेवलं, की पुढे १८२०च्या सुमारास मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन तो त्याच्यावर प्रयोग करत राहिला. विजेचा फॅरडे आपल्याला शाळेत भेटतो. भट्टीशी उभं राहून पोलादात कधी चांदी, कधी प्लॅटिनम मिसळून पाहणारा फॅरडे मला या चाकूच्या नादामुळे भेटला.

एकाच चाकूत दोन स्वभावांचं पोलाद नांदतं, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पातं आणि कमान दोन्ही आधी लाल तापवून विझवतात, म्हणजे ती काचेसारखी ठिसूळ होतात. मग घासून चकचकीत केलेला भाग पुन्हा हलकेच तापवायचा आणि रंगावर डोळा ठेवायचा. आधी वाळल्या गवताचा पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा दोनशे तीस अंशांच्या आसपास, निळा तीनशेच्या आसपास. पातं पिवळ्यावर थांबवायचं, म्हणजे कडकपणा राहतो, धार टिकते. कमान निळ्यापर्यंत जाऊ द्यायची, म्हणजे ती वाकते आणि परत येते. पातं निळं झालं तर धार लोळेल, कमान पिवळी राहिली तर कडकन तुटेल. जुन्या कारागिरांकडे तापमापक नव्हते. होती ती खिडकीतून येणाऱ्या उत्तरेच्या उजेडाची सवय.

शेफील्डमध्ये हे काम वाटून घेतलेलं होतं. घडणारा वेगळा, दगडावर घासणारा वेगळा, आणि सगळं जुळवून चाकू उभा करणारा वेगळा. स्वतःची खोली, स्वतःची हत्यारं आणि स्वतःची जबाबदारी घेऊन काम करणाऱ्या या सुट्या कारागिरांना तिथे 'लिटल मेस्टर' म्हणत. त्यांच्या हत्यारांपैकी एक माझं फार आवडतं आहे. मुठीवर धातूचा छोटा बिल्ला बसवायचा असतो, कधी ढालीच्या तर कधी लंबगोल आकाराचा. त्यासाठी मुठीत तंतोतंत त्याच आकाराचा खळगा कोरावा लागतो. त्या कामाचं 'पार्सर' नावाचं हत्यार असतं. त्याला दोन लवचीक पाय आणि पायांच्या टोकांना धार. कारागीर छातीवर धातूची पाटी बांधतो, हत्याराचं मागचं टोक त्या पाटीला टेकवतो, पुढचे पाय पोलादी साच्याच्या भोकात सोडतो आणि धनुष्याच्या दोरीने ते गरागरा फिरवतो. पाय साच्याच्या कडेपर्यंत फाकतात, कडेला लागून आवळतात आणि साच्याचाच आकार मुठीत उतरतो. छाती, दोन्ही हात आणि नजर यांचा असा मेळ साधावा लागतो, की मी त्याची फीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि अजून पाहतो.

दोन पात्यांचा चाकू आणखी अवघड. दोन्ही पाती एकाच फटीत मिटायची आणि एकमेकांना घासायची नाहीत. मग जुळवणारा कारागीर हातोडीच्या हलक्या टोल्याने पात्याला बुडाशी किंचित बाक देतो. वरून पाहिलं तर पातं सरळच भासतं. मिटताना मात्र शेजाऱ्याच्या अंगावरून निसटून जातं. बुडाच्या खालच्या कडेला एक इवलासा उंचवटाही ठेवलेला असतो. पातं मिटताना तो आधी कमानीला लागतो आणि धार कमानीपासून केसभर वर राहते. फ्रान्सच्या जुन्या धाटणीच्या लायोल चाकूंत अनेकदा ही सोय नसते, म्हणून लायोल मिटताना तो आपटू द्यायचा नाही, बोटांनी धरून अलगद न्यायचा, असं तिकडचे लोक सांगतात. त्या चाकूच्या कमानीवर एक माशी असते. ती कमानीच्याच पोलादातून घडवली आहे की वरून जोडली आहे, यावर जमवणारे हिरिरीने भांडतात. मी घडवलेल्या माशीच्या बाजूचा आहे.

या कौशल्याची किंमत कुणी मोजली हेही सांगायला हवं, कारण चाकूच्या जुन्या जाहिरातींत ते कुठेच नाही. दगडावर घासणारा माणूस लाकडी घोडीवर बसून फिरत्या दगडावर ओणवा व्हायचा. दगडाची आणि पोलादाची धूळ सरळ छातीत. डॉ. नाइट नावाच्या शेफील्डच्या वैद्याने नोंदवलेलं आणि पुढे एंगल्सने १८४५च्या आपल्या पुस्तकात घेतलेलं गणित असं, की कोरड्या दगडावर काम करणारे जेमतेम पस्तिशी गाठत आणि ओल्या दगडावरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. हातातला जुना चाकू पाहताना पात्यावरच्या घासणीच्या बारीक समांतर रेघा दिसतात. त्या रेघा ओढणाऱ्याचं नाव पात्यावर नाही. पात्यावर नाव आहे ते कंपनीचं.

आमच्याकडे जोसेफ रॉजर्स कंपनीचा एक चाकू आहे. पात्याच्या बुडावर तारा आणि माल्टीज क्रूस यांची मुद्रा, आणि सांबराच्या शिंगाची मूठ. रॉजर्सचं नाव घेतलं की लोक १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी तिने केलेल्या पंचाहत्तर पात्यांच्या नॉरफोक चाकूबद्दल बोलतात. तो आता शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. त्यातलं कौशल्य मी मानतो, पण त्यात माझा जीव लागत नाही. जो चाकू कुणाच्याच खिशात जाऊ शकत नाही त्याच्या कमानीला कस लागत नाही. आमचा चाकू साडेतीन इंचांचा. पितळेवर काळसर तेलाचा थर, खिळ्यांची डोकी झिजून मुठीत बुडालेली. शिंगाचा पृष्ठभाग उदी, उभ्या पन्हाळींचा, खडबडीत. फक्त एका जागी, उजव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे, पन्हाळी झिजून गुळगुळीत आणि मधासारख्या पिवळ्या झाल्या आहेत. पातं मूळच्यापेक्षा अरुंद झालंय, इतक्या वेळा दगडावर गेलंय. आणि कमान? आजही तिन्ही जागी पट्ट्यांशी सपाट.

हे शिंग भारतातून गेलेलं. शेफील्डच्या, पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या आणि अमेरिकेच्या कारखान्यांना सांबराचं शिंगच हवं असे. युरोपातल्या तांबड्या हरणाच्या शिंगात सच्छिद्र गाभा जास्त असतो. सांबराच्या शिंगात गाभा कमी आणि घट्ट हाड जास्त, त्यामुळे पातळ फाळ कापला तरी खालून भुसभुशीत भाग उघडा पडत नाही आणि खिळा ठोकताना तडा जाण्याची भीती कमी. हरणाच्या कुळातलं शिंग म्हणजे हाडच. ते गळतं आणि पुन्हा येतं. गळलेली शिंगं जंगलातून गोळा होऊन बंदरांवर जात. गळलेल्या शिंगांच्या आडून शिकारीची शिंगंही जात, हे उघड होतं, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीला ही निर्यात थांबली. परदेशातले कारागीर तेव्हापासून जुना साठा पुरवून पुरवून वापरताहेत. तिकडचे जमवणारे 'खरं भारतीय सांबर' म्हणून त्याच्याबद्दल हळहळतात. त्यांची हळहळ मला समजते, आणि निर्यात थांबली हे बरं झालं असंही मला ठामपणे वाटतं. राधानगरीच्या किंवा मेळघाटच्या जंगलात सांबर उभं राहावं, यापुढे कुठल्याही मुठीची मातब्बरी नाही.

आमच्या घरात सांबरशिंगाचा एक तुकडा आजीच्या औषधांच्या बटव्यात असे. बरगडीत कळ आली की सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा लेप लागायचा. रॉजर्सची मूठ पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ते आधी नजरेने नाही, बोटांनी ओळखू आलं. आजीच्या तुकड्याला एक बाजू अशीच झिजून गुळगुळीत झालेली होती.

हाडाची मूठ ही त्यामानाने गरिबाची, आणि मला तीच जास्त आवडते. गाईगुरांच्या पायाची नळी उकळून, वाळवून, तिचे सपाट फाळ कापतात. मग यंत्राने किंवा हाताने त्यांवर खाचा पाडतात, म्हणजे शिंगाचा भास होतो आणि ओल्या हातात मूठ निसटत नाही, आणि शेवटी रंगात घालतात. खाचांच्या धाटणीवरून जाणकार कारखाना आणि साल सांगतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातली १८८९ची केस कंपनी आपल्या मुठींसाठी ब्राझीलमधल्या झेबू गुरांची हाडं वापरते. ही झेबू गुरं मूळची कुठली? आपलीच. ओंगोल, गीर, कांक्रेज या जातींची जनावरं एकोणिसाव्या-विसाव्या शतकात जहाजांतून ब्राझीलला गेली आणि तिथे त्यांचे कळप वाढले. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या खिशातल्या अमेरिकन चाकूवर गीर गाईच्या वंशाचं हाड असू शकतं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला.

हस्तिदंताबद्दल माझं मत पक्कं आहे. रॉजर्सच्या कोठारातल्या सुळ्यांच्या राशींची जुनी छायाचित्रं पाहिली आहेत; त्यानंतर हस्तिदंती मुठीचा चाकू कितीही देखणा असला तरी घरात आणावासा वाटत नाही. सेल्युलॉइडची गोष्ट वेगळीच. १८७०च्या सुमारास आलेलं हे कृत्रिम द्रव्य कासवाच्या पाठीची, शिंपल्याची, अंबराची हुबेहूब नक्कल करतं, रंग तर असे की डोळे निवावेत. पण ते म्हातारं होताना कुजतं आणि आम्लाची वाफ सोडतं. त्या वाफेने आधी त्याचीच कमान गंजते, मग शेजारच्या चाकूंचीही. म्हणून सेल्युलॉइडचे चाकू बाकीच्यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवायचे. एका बंद पेटीत सगळे एकत्र ठेवून गावाला गेलेल्या गृहस्थांचा संग्रह आम्ही पाहिला आहे. सेल्युलॉइडच्या चाकूभोवती गंजाचं वर्तुळ पडलेलं होतं.

जमवणाऱ्यांच्या वादांना अंत नाही. कमान किती जोरकस असावी? तिकडे एक ते दहा आकड्यांत तिचा जोर सांगायची पद्धत आहे. एकाला सहा वाटतो तो दुसऱ्याच्या नखाला आठ. अर्ध्यावरचा थांबा असावा की बूड गोल घासून पातं एका दमात फिरावं? मला थांबा हवा. मिटताना तो बोटं सावरायला एक क्षण देतो. टायटसव्हिल नावाचं पेनसिल्व्हेनियातलं एक गाव आहे. १८५९ साली एडविन ड्रेकला तिथे तेल लागलं. त्याच गावात २००६पासून ग्रेट ईस्टर्न कटलरी ही छोटी कंपनी जुन्या यंत्रांवर जुन्या धाटणीचे चाकू करते, पोलादही जुनंच, एक टक्क्याच्या आसपास कार्बनचं. तिच्या कमानी ताठ असतात. काहींना नख मोडेल अशी तक्रार असते, काहींना त्यातच भरवसा वाटतो. मुठीच्या टोकाशी लांबलचक धातूची टोपी असलेला बार्लो चाकूही तिथे होतो. मूळचा तो शेफील्डचा. ती टोपी शोभेची नाही. सगळा ताण सांध्यावर येतो आणि स्वस्त चाकू तिथेच ढिला पडतो, म्हणून मुठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा धातूने मढवला. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला मिळालेला चाकू बार्लोच होता, साडेबारा सेंटांचा. त्या पोराचा आनंद समजायला ती टोपी बोटाखाली यावी लागते.

सगळ्यात मोठा वाद, चाकू वापरायचा की तसाच ठेवायचा. कोरा, कधीही दगडावर न गेलेला चाकू अनेकांना प्रिय. त्याला किंमतही जास्त येते. शेफील्डमध्येच १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने गंज न चढणारं पोलाद ओतलं, तेव्हापासून डागांचं भयही सरलं. तरी मी साध्या कार्बनी पोलादाच्या आणि वापराच्या बाजूचा. विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तसंच या पात्यावर पहिल्या सफरचंदाने निळसर ढग येतो, मग राखाडी, मग मोरपिशी झाक. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलं की तोच थर पुढच्या गंजाला बराचसा अडवतो. माझे स्नेही याबाबत माझ्या विरुद्ध आहेत. "अहो, करणाऱ्याने चकाकी आणली, ती तुम्ही घालवायची?" असं ते दर वेळी विचारतात, आणि दर वेळी मी त्यांच्यासमोर पेरू कापतो.

स्टॅन शॉ हे शेफील्डच्या लिटल मेस्टरांपैकी अगदी शेवटच्यांतले. १९४१ साली चौदाव्या वर्षी ते इबरसनच्या कारखान्यात शिरले आणि २०२१ साली गेले, तोवर ऐंशी वर्षं या कामाच्या सहवासात होते. मोती-शिंपल्याच्या मुठी, सोन्याच्या पट्ट्या, असे श्रीमंती चाकू त्यांनी केले; पण पार्सर तेच, धनुष्य तेच. शेफील्डमध्ये त्यांच्यामागे काही तरुण हात पुन्हा या कामाला लागले आहेत, ही चांगली बातमी आहे.

मला आणखी एका माणसाबद्दल कृतज्ञता वाटते. केन हॉली यांचं शेफील्डमध्ये हत्यारांचं दुकान होतं. त्यांनी आयुष्यभर गावातली हत्यारं आणि चाकू-सुऱ्या जमवल्या. तो संग्रह आज केल्हम आयलंड संग्रहालयात आहे. त्यांचं वेगळेपण असं, की ते तयार वस्तूंवर थांबले नाहीत. कारखाना बंद पडला की तिथे जाऊन ते अर्धवट वस्तू, साचे, नमुने, झिजलेल्या कानशी, किमतींच्या वह्या उचलून आणत, कारागिरांना बोलतं करत. नुसतं कापलेलं पातं, घडवलेलं, घासलेलं, विझवलेलं, अशी एकामागून एक पायरी तिथे मांडता येते. तयार चाकूत कमान लपलेली असते. अर्धवट चाकूत ती उघडी दिसते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा केवढा मोठा आणि देखणा ठेवा आहे. मोर, घोडे, युगुलं. अडकित्त्याचंही सगळं तंत्र एका खिळ्यावर असतं. खिळा सैल तर सुपारी फुटते, घट्ट तर हात दुखतो. पण अर्धा घडलेला अडकित्ता, त्याचा साचा, तो खिळा ठोकायची ऐरण मला आजवर कुठे पाहायला मिळाली नाही. आम्ही दोघांनी आता तेवढंच शोधायला घेतलं आहे. गावोगावच्या लोहारांकडे, शिकलगारांकडे, जुन्या भांड्यांच्या बाजारात आम्ही तयार नग विचारत नाही. काय बिघडलं म्हणून बाजूला टाकलंय, ते दाखवा म्हणतो. लोक आधी चमकतात, मग टोपलं पुढे करतात. एका वृद्ध लोहारबाबांनी खिळ्यासाठी भोक पाडलेला, दुसरा पाय न जोडलेला अडकित्ता दिला आणि भोक सरळ खाली न जाता किंचित तिरकं का जातं, हे जमिनीवर कोळशाने काढून दाखवलं. माझ्या स्नेह्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आहे. आता त्यांना तिरपेपणाचं माप घ्यायचंय, आणि बाबांचं म्हणणं, माप घेऊन काय करणार, उद्या सकाळी भट्टी पेटवतो तेव्हा या.